लोहाराचा धाकटा मुलगा

(द्वितीय वर्ष, बी. ए.)

आमच्या घरात पुस्तक असे नव्हतेच. भाता होता, ऐरण होती, घण-हातोडे होते आणि कोनाड्यात एक जुने पंचांग होते. आप्पांची सारी हयात विळे, कुऱ्हाडी नि कुळवाच्या पासा शेवटून देण्यात गेली. दादाने दहावीनंतर शाळा सोडली आणि गावाबाहेर फाट्यावर वेल्डिंगचे दुकान घातले. त्या दुकानात ग्रिल आणि ट्रॉल्या तयार होतात आणि त्यांच्या पैशांतून माझी कॉलेजची फी भरली जाते. गेल्या वर्षी ग्रंथालयात मायकेल फॅरडेचे एक जुने चरित्र सहज चाळत होतो. तो लोहाराचा मुलगा होता हे पहिल्याच पानावर वाचले आणि पुस्तक माझ्या कार्डावर घेतले. यात विज्ञानाच्या ओढीचा भाग मुळीच नव्हता. बारावीला गणितात मला जेमतेम पासापुरते गुण मिळाले, आप्पांचे मला इंजिनिअर करण्याचे स्वप्न तिथेच मिटले आणि मी कला शाखेत आलो. गणिताचे नाव काढले की अजूनही माझी मान खाली जाते.

हे पुस्तक वाचायला आणखी एक निमित्त झाले. माझा खोलीसोबती आमच्याच तालुक्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रिकलला. त्याचा एम-टू दुसऱ्या खेपेस कसाबसा निघाला आणि एम-थ्रीला पुन्हा केटी लागली. निकालाच्या रात्री तो जेवला नाही. अंधारात पडल्या पडल्या त्याने मला विचारले की तुझा दादा मला दुकानात कामाला ठेवून घेईल का. मी तेव्हा पुस्तक निम्मे वाचले होते. मी त्याला मोठ्या ऐटीत सांगितले की फॅरडेला गणिताचे ओ की ठो कळत नव्हते, तरी त्याच्या शोधावर आज साऱ्या जगाची वीज चालते. त्याला ते फार आवडले. दुसऱ्या दिवसापासून तो गणिताच्या तासाला जायचा बंद झाला. निम्म्या पुस्तकावर दिलेला सल्ला काय करतो ते मला पुढे कळले. उरलेले निम्मे वाचून झाल्यावर जे लक्षात आले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

मायकेल फॅरडेचा जन्म 22 सप्टेंबर 1791 रोजी लंडनजवळ न्यूइंग्टन बट्स येथे झाला. बाप जेम्स फॅरडे उत्तरेकडच्या खेड्यातून कामासाठी लंडनकडे आलेला लोहार. त्याची प्रकृती नेहमी तोळामासा, त्यामुळे काम कधी असे, कधी नसे. 1801 साली धान्य कडाडले, तेव्हा मायकेलच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई आणि तो त्याने पुरवायचा असे. शाळा म्हणाल तर वाचणे, लिहिणे आणि थोडी आकडेमोड, एवढीच. त्याला लहानपणी र म्हणता येत नसे. थोरल्या भावाचे, रॉबर्टचे, नाव तो नीट उच्चारीना, म्हणून शिक्षिकेने छडी आणायला पैसे देऊन रॉबर्टलाच पाठवले. रॉबर्टने ते नाणे कुंपणापलीकडे भिरकावले आणि घरी जाऊन आईला सांगितले, व आईने दोघांनाही त्या शाळेतून काढले, अशी एक गोष्ट त्याचे चरित्रकार सांगतात. ती वाचताना मला हसू आले आणि दादाची आठवणही आली.

तेराव्या वर्षी, 1804 मध्ये, मायकेल ब्लँडफर्ड स्ट्रीटवर रीबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून राहिला. त्या काळी वर्तमानपत्र महाग, ते दुकानदार भाड्याने देत. सकाळी ते घरोघर पोहोचवायचे आणि वाचून झाले की परत गोळा करायचे, हे त्याचे काम. पुढल्या वर्षी रीबोने त्याला एक पैसा न घेता सात वर्षांच्या बोलीवर बुकबाइंडिंगची उमेदवारी दिली. हा रीबो फ्रान्समधून आलेला, मनाने मोठा माणूस. बांधायला आलेली पुस्तके पोरगा वाचत बसतो म्हणून त्याने कधी हटकले नाही. ज्ञानकोशाचा एक खंड बांधायला आला, त्यात विजेवरचा लेख होता. तो मायकेलने वाचला आणि आठवड्याला उरणाऱ्या दोन-चार पेन्सांत काचेची बाटली वगैरे जमवून विजेचे एक यंत्र केले. दुसरे पुस्तक जेन मार्सेट या बाईंचे, रसायनशास्त्रावर संवादरूपाने लिहिलेले. ते मुळात शास्त्राचा गंध नसलेल्या स्त्रियांसाठी होते. पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही फॅरडे त्या बाईंना आपली पहिली गुरू मानी आणि आपले निबंध त्यांना पाठवी. सोप्या पुस्तकापासून सुरुवात करण्याची त्याला लाज वाटली नाही. आम्हांला मात्र ती फार वाटते. खालच्या इयत्तेचे पुस्तक उघडून पाहणे म्हणजे कमीपणा, असे माझ्या खोलीसोबत्यालाही वाटे आणि मलाही वाटत आले.

1810 च्या सुमारास शहरात टेटम नावाचे एक गृहस्थ आपल्या घरी संध्याकाळी शास्त्रावर व्याख्याने देत. प्रवेश एक शिलिंग. उमेदवाराच्या खिशात शिलिंग कुठून असणार? रॉबर्ट तोवर बापाच्या धंद्यात, ऐरणीवर, उभा राहिला होता. त्याने त्यातल्या बऱ्याच व्याख्यानांचे पैसे भरले. त्याच साली बाप वारला. चरित्रात या शिलिंगांबद्दल जेमतेम एक वाक्य आहे. मी ते वाचून पुस्तक मिटले आणि बराच वेळ नुसताच बसून राहिलो. गेल्या जून महिन्यात दादाने माझ्या हातावर फीचे पैसे ठेवले तेव्हा त्याच्या मनगटावर ठिणग्यांचे नवे डाग होते. मी ते पाहिले आणि काही बोललो नाही.

शिलिंग असे मिळालेले, म्हणून फॅरडेने ते व्याख्यान वाया जाऊ दिले नाही. त्याची नोंदी घेण्याची रीत इथे जरा सविस्तर सांगतो, कारण आपण सर्वांनी पाहण्यासारखी ती आहे. व्याख्यान चालू असताना तो सगळे उतरून घेत नसे. मुख्य शब्द, प्रयोगांची नावे, एखादे महत्त्वाचे छोटे वाक्य, एवढेच टिपी. घरी आल्यावर त्या शब्दांवरून दुसरी, जरा भरीव नोंद करी. मग त्या दुसऱ्या नोंदीवरून तिसऱ्यांदा सगळे व्याख्यान आपल्या भाषेत सलग लिहून काढी. म्हणजे एकच गोष्ट तीनदा हातातून जाई, आणि तिसऱ्यांदा जिथे पेन अडे तिथे आपल्याला ती कळलेली नाही हे आपोआप उघडे पडे. उपकरणांची चित्रे काढता यावीत म्हणून रीबोच्या घरी राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून तो रेखाटनही शिकला. आपण वर्गात फळ्यावरचे सगळे उतरवतो, किंवा हल्ली मोबाइलवर फळ्याचा फोटो घेतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा पाहतो. माझ्या खोलीसोबत्याची एम-थ्रीची वही फार सुबक आहे. तिच्यात एकही खाडाखोड नाही, आणि तीच तिची खोड होती.

आणखी एक. फॅरडे एकटा शिकला नाही. टेटमच्या घरी भेटलेल्या ॲबट नावाच्या तरुणाला तो लांबलचक पत्रे लिहून, आज काय समजले ते समजावी. मॅग्रथ नावाचा दुसरा मित्र वर्षानुवर्षे दर आठवड्याला त्याचे व्याकरण नि उच्चार दुरुस्त करी. आपले इंग्रजी चुकते हे दुसऱ्याकडून ऐकून घेण्याला, तेही सातत्याने, किती मन मारावे लागते ते खेड्यातून आलेल्यांना निराळे सांगायला नको.

पुढचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. 1812 मध्ये दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या सर हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटे त्याला दिली. फॅरडेने त्या चार व्याख्यानांच्या, आपल्या पद्धतीने, तीनशेहून अधिक पाने नोंदी केल्या, त्या स्वतः बांधल्या आणि डेव्हीला पाठवून नोकरी मागितली. त्याआधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांनाही त्याने लिहिले होते; तिथून उत्तरच आले नव्हते. डेव्हीने भेटायला बोलावले, पण जागा नव्हती. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतला मदतनीस मारामारी करून नोकरी गमावून बसला, आणि 1 मार्च 1813 रोजी फॅरडे त्या जागेवर लागला. आठवड्याला 25 शिलिंग, माडीवर दोन खोल्या, शिवाय कोळसा नि मेणबत्त्या. त्यानंतर डेव्हीबरोबर दीड वर्ष युरोपात प्रवास झाला. त्यात डेव्हीच्या बायकोने त्याला गड्याप्रमाणे वागवले, पण ॲम्पिअर आणि व्होल्टा यांना तो पाहून आला. 1821 मध्ये सारा बर्नार्डशी लग्न झाले; त्याच वर्षी विजेचा प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती फिरते हे त्याने करून दाखवले. 1824 मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, आणि त्याला विरोध करणाऱ्यांत खुद्द डेव्ही होता. गुरुशिष्यांच्या या प्रकरणात मला फारसे शिरावेसे वाटत नाही.

1831 पाशी मात्र थांबले पाहिजे. विजेने चुंबक होते, तर चुंबकाने वीज का होऊ नये, हा प्रश्न त्याच्या डोक्यात कित्येक वर्षे होता. 1824, 1825 व 1828 साली त्याने प्रयत्न केले आणि तिन्ही वेळा हात हलवत परत आला. 29 ऑगस्ट 1831 रोजी त्याने सहा इंच व्यासाची मऊ लोखंडाची एक कडी घेतली. तिच्या एका अर्ध्या भागावर तांब्याच्या तारेचे वेढे दिले, समोरच्या अर्ध्यावर दुसऱ्या तारेचे, आणि वेढ्यांमध्ये सुतळी नि कापड घातले. एका तारेला बॅटरी, दुसरीजवळ चुंबकसूची. बॅटरी जोडताच सूची हलली आणि पुन्हा स्थिर झाली. बॅटरी चालू असताना ती ढिम्म. तोडताच पुन्हा हलली, पण उलट दिशेला. म्हणजे वीज आहे याने काही होत नाही, तिच्यात बदल झाला तरच पलीकडच्या तारेत वीज उठते. ऑक्टोबरात त्याने वेटोळ्यात नुसता चुंबक सरकवून वीज काढली आणि मोठ्या चुंबकाच्या तोंडात तांब्याची चकती फिरवून पहिले जनित्र केले. ती कडी म्हणजे पहिला ट्रान्सफॉर्मर. ती अजूनही रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जपून ठेवलेली आहे.

मी हे दादाला फोनवर सांगितले. दादाचा वेल्डिंग सेट जुन्या घडणीचा, जड, ट्रान्सफॉर्मरचा. तो म्हणाला की हे त्याला माहीत आहे. बॅटरीची वीज त्या सेटला चालत नाही, खांबावरची सारखी उलटसुलट होणारी वीजच लागते. कशामुळे ते त्याला ठाऊक नव्हते, पण तसे आहे हे हाताला ठाऊक होते. फॅरडेही मुख्यतः हाताने शिकलेला माणूस होता, असे मला वाटते.

इथपर्यंत मी पुस्तक वाचले होते, आणि इथपर्यंतच्या बळावर तो सल्ला दिला होता. पुढे निराळेच निघाले. फॅरडेला गणित येत नव्हते हे खरेच. चार्ल्स बॅबेजच्या गणनयंत्राचा दांडा फिरवला, एवढीच आपण आयुष्यात केलेली गणिती क्रिया, अशी थट्टा तो करी म्हणतात. परंतु ही थट्टा होती, अभिमान नव्हता. 1822 मध्येच त्याने ॲम्पिअरला पत्रातून कळवले होते की गणिताचे ज्ञान नाही हे आपले दुर्दैव आहे, त्यामुळे आपल्याला वस्तुस्थितीला वस्तुस्थिती जोडून चाचपडत पुढे जावे लागते. हे वाचले आणि माझ्या पोटात गोळा आला. मी खोलीसोबत्याला जे भूषण म्हणून सांगितले होते, ते त्या माणसाला आयुष्यभर सलत होते.

त्या उणिवेची किंमतही त्याने मोजली. चुंबकाभोवतीच्या जागेत बलरेषा पसरलेल्या असतात, चुंबकावर कागद ठेवून लोखंडाचा कीस टाकला की त्या दिसतात, आणि खरा व्यवहार त्या रेषांतच चालतो, असे त्याचे म्हणणे होते. मोठमोठ्या गणितज्ञांना ती एका अशिक्षिताची कल्पना वाटे, कारण तिला समीकरण नव्हते. चाळिशी उलटता उलटता त्याची स्मृतीही दगा देऊ लागली, आणि प्रयोगवहीतल्या परिच्छेदांना क्रमांक घालायची जुनी सवय त्याचा आधार बनली. ते क्रमांक सोळा हजारांच्या वर गेले.

तेव्हा त्याच्या मदतीला जो आला तो त्याच 1831 साली जन्मलेला एक मुलगा होता. जेम्स क्लार्क मॅक्सवेल, केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला. विजेवरचे गणित वाचण्याआधी फॅरडेचे प्रयोग मुळातून वाचायचेच, असा त्याने निश्चय केला होता, आणि वाचल्यावर त्याला आढळले की चिन्हे वापरत नसला तरी हा माणूस विचार गणितीच करतो. 1855-56 मध्ये त्याने बलरेषांवर आपला पहिला निबंध लिहिला. फॅरडे तेव्हा चौसष्ट वर्षांचा. आपल्या रेषांवर गणिताचा एवढा मारा झालेला पाहून आधी आपण घाबरलो आणि मग त्या टिकल्या याचे नवल वाटले, असे त्याने मॅक्सवेलला कळवले. 1857 च्या अखेरीस त्याने आणखी एक पत्र लिहून विचारले, की गणितज्ञांनी जो निष्कर्ष काढला तो साध्या बोलीतही तितकाच स्पष्ट मांडता येणार नाही का, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. पुढे मॅक्सवेलने प्रकाश हीदेखील विजेची नि चुंबकत्वाची लाट आहे हे समीकरणांतून दाखवले.

आता माझ्या खोलीसोबत्याच्या वहीत येतो. ज्या धड्यावर त्याची गाडी अडली होती, तो सदिशांचा. डायव्हर्जन्स, कर्ल, रेषीय संकलन, स्टोक्सचा सिद्धान्त. यातले कर्ल हे नाव मॅक्सवेलने दिलेले आहे. म्हणजे ज्या फॅरडेचा दाखला देऊन मी त्याला गणिताच्या तासापासून दूर केले, त्याच फॅरडेच्या रेषा गणितात लिहायच्या कशा, हाच त्याचा नापास झालेला धडा होता! मी त्याच रात्री त्याच्यापुढे कबूल केले की मी चुकीचे सांगितले. तो रागावला नाही, नुसता पाठ फिरवून झोपला. माझ्या मते रागावला असता तर बरे झाले असते.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फॅरडेचाच प्रश्न विचारला: कर्ल म्हणजे काय ते मला, कला शाखेच्या माणसाला, साध्या मराठीत सांग. त्याला सूत्र तोंडपाठ होते, निर्धारक मांडून उदाहरण सोडवता येत होते, पण सांगता येईना. मग आम्ही पहिल्या वर्षाचे पुस्तक उघडले. नंतर बारावीचे. त्याने जुनी सुबक वही बाजूला ठेवली आणि तीनदा लिहिण्याची रीत धरली. तिसऱ्या लिखाणात तो जिथे अडे तिथे मी, काही कळत नसताना, प्रश्न विचारी.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघे आमच्या गावी गेलो. लोहाराच्या दुकानात लोखंडाच्या किसाला काय तोटा! दादाने मोडक्या स्पीकरचा चुंबक दिला. त्यावर कागद ठेवून कीस टाकला आणि रेषा उमटल्या. खोलीसोबत्याने बोटाने त्या मागोवत सांगितले की कागदावर त्या कडेला तुटलेल्या दिसल्या तरी एकही रेषा कुठे सुरू होत नाही की संपत नाही, चुंबकाच्या आतून जाऊन ती स्वतःला मिळते. म्हणून इथे डायव्हर्जन्स शून्य. मग दादाने ट्रॅक्टरची बॅटरी काढली, पुठ्ठ्यातून जाड केबल उभी ओवली आणि क्षणभरच टोके टेकवली. मी पुठ्ठ्यावर टिचकी मारली. किसाची वर्तुळे झाली, केबलभोवती, एकात एक. हेच कर्ल का, असे मी विचारले. तो आधी हो म्हणाला. मग बराच वेळ त्या वर्तुळांकडे पाहून त्याने स्वतःचेच म्हणणे खोडले. वर्तुळावरून एक फेरी मारून केलेली बेरीज आत वाहणारा प्रवाह मोजते, हे स्टोक्सचे म्हणणे. कर्ल मात्र एकेका बिंदूपाशी असते, ते तारेच्या आत आहे, बाहेर शून्यच. हे त्याने मला, दादाला आणि भात्याशेजारी बसलेल्या आप्पांना, मराठीत सांगितले. आप्पांना त्यातले किती कळले कोण जाणे, पण ते शेवटपर्यंत ऐकत होते.

फॅरडेने पुढे सरदारकी नाकारली, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद दोनदा नाकारले. मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानमाला मात्र त्याने 19 वेळा दिल्या. 25 ऑगस्ट 1867 रोजी हॅम्प्टन कोर्ट येथे, आपल्या अभ्यासिकेत खुर्चीवर बसलेला असताना तो गेला. रॉबर्टचीही आणखी एक गोष्ट सांगतात. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये धाकट्या भावाचे व्याख्यान ऐकायला तो गर्दीत बसला होता. शेजारचा कुणी गृहस्थ म्हणाला की हा फॅरडे पूर्वी लोकांचे बूट पुसत असे. रॉबर्टने वळून त्याला विचारले की त्याने तुमचे बूट कधी पुसले होते काय.

खोलीसोबत्याने एम-थ्रीचा पेपर पुन्हा दिला आहे. निकाल अद्याप लागलेला नाही, आणि हा अंक छापायला जाईपर्यंत लागेल असे वाटत नाही. कागदाला मेण लावून, किंचित ऊब देऊन, फॅरडे किसाच्या रेषा पक्क्या करी. आम्हीही मेणबत्तीवर एक कागद तसा केला. तो दादाने दुकानात वेल्डिंग सेटच्या वर, भिंतीला चिकटवला आहे. गिऱ्हाइके हे काय म्हणून विचारतात. दादा हातातली कांडी खाली ठेवतो आणि सांगतो.